सोळावा उपयोग

गुरुजी : पेपरवर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. मग तो माझ्या नातवाचा आहे हे तुम्हाला कळलं कसं?

राही : उत्तरावरनं कळलं. बसा, गुर्जी. तिकडं नगं, त्या दोऱ्यांना चिंचोक्याची खळ लावलीय. विजारीला चिकटंल.

गुरुजी : बसायला नाही आलो, राहीबाई. कडेगावहून गाडी करून आलोय. नाव-नंबरांची यादी केरबांकडं असते, त्यांचा फोन होता. चारशे पेपर तपासून झाले, एकट्या वीरधवलचा तुम्ही अडकवून ठेवलाय म्हणाले. उद्या यादी लागणार. पहिली वीस मुलं साताऱ्याच्या शिबिराला जायची आहेत.

राही : ठाव हाय. यादीवर माझीबी सही लागती.

गुरुजी : तुम्ही परीक्षक कशा झालात, हे मी विचारत नाही.

राही : इचारा की. सर्जनशीलतेची परीक्षा हाय म्हणल्यावर हातानं काम करणारं एक माणूस पायजे हुतं त्यास्नी. मागावर बसलेली मी दिसले. पोरांना वस्तू कंची द्यायची म्हणल्यावर सगळे म्हणले, वीट द्या. मी म्हणलं, घोंगडं द्या. पांघरायचं सोडून त्याचे उपयोग लिव्हा, दहा मिन्टात.

गुरुजी : मग? वीरधवलनं सोळा लिहिलेत.

राही : त्यातले पंधरा तुमचे हायत.

गुरुजी : म्हणजे?

राही : तुमच्या क्लासातल्या साठ पोरांनी तेच पंधरा लिव्हलेत, त्याच क्रमानं. पावसात खोळ, खळ्यावर अंथराय, बैलाच्या पाठीवर टाकाय. एकानं तर शेवटी ‘इत्यादी’बी लिव्हलंय.

गुरुजी : सराव घेतला मी. वीट, बादली, टायर, घोंगडी, अशा चाळीस वस्तूंची तयारी करून घेतली. सराव घेणं गुन्हा नाही.

राही : न्हाईच की. पर मार्काची रीत तुमास्नी कुणी सांगितली न्हाई वाटतं. शंभरात पाचाहून जास्ती पोरांनी लिव्हलेलं उत्तर असलं, तर त्याला येगळेपणाचा मार्क न्हाई. तुमच्या पंधराच्या पंधरांना भोपळा, साठी पोरांचा. दोनदा मोजलं मी. दुसऱ्यांदा गरज न्हवती, बरं वाटत हुतं म्हणून मोजलं.

गुरुजी : कसला तरी सूड उगवतीयस तू.

राही : व्हय.

गुरुजी : सरळ हो म्हणतेस?

राही : तुमीच शिकवलं न्हवं, एका शब्दात उत्तर द्या म्हणून.

गुरुजी : पंधरा गेले तर गेले. सोळावा तर कुणीच लिहिलेला नाही, असं केरबा म्हणाले. त्याचे मार्क दे, मी जातो.

राही : सोळावा चोरीचा हाय. तो माझा हाय. तुमच्या साठांत एकट्यानंच लिव्हलाय म्हणल्यावर तुमच्या घरचंच पोर. त्यावर मी ‘नक्कल’ म्हणून लिव्हणार हाय, आन परवा बक्षिसाच्या वक्ताला स्टेजवरनं सांगणार हाय. अमक्या गुर्जींनी नातवाला कुणाचं उत्तर पाठ करून दिलं, ते.

गुरुजी : तुझं कसलं उत्तर? बिरदेवाची पोर तू, पाचवीला माझ्या वर्गात होतीस, एवढं आठवतंय मला. मधेच शाळा सोडलीस.

राही : सोडली न्हाई. ‘घोंगडीचे उपयोग’ म्हणून दहा ओळी लिव्हाय सांगितल्या हुत्या तुमी. मी तेवीस लिव्हल्या. पुस्तकात न्हाईत म्हणून तुमी शून्य दिलं. ते दिलं असतं आन गप बसला असता तरी चाललं असतं. तुमी त्यातलं एक वाक्य वर्गाला वाचून दावलं. वर्ग हसला. दुपारपतुर गावात पोचलं. आडावर बाया माझ्या आईला त्याच वाक्यानं हाका माराय लागल्या. त्या साली दिवाळीची वाट न बघता आई मेंढरांमागं निघून गेली, मला घेऊन. पाटी-दप्तर शाळेतच ऱ्हायलं.

गुरुजी : हे मला माहीत नव्हतं.

राही : वाक्य सांगा कुठलं ते.

गुरुजी : तीस वर्षं झाली. किती वह्या तपासल्या असतील.

राही : सांगा तरी.

गुरुजी : मेंढरांचं असेल काहीतरी. किंवा लोकरीचं. राही, शप्पथ घेऊन सांगतो, मला नाही आठवत.

राही : खरंच न्हाई?

गुरुजी : नाही.

राही : मग तुमी त्याला शिकवलं न्हाई.

गुरुजी : मी पंधराच दिले होते. सोळावा काय आहे, हेसुद्धा मी पाहिलेलं नाही.

राही : मला वाटलं, तुमी ते ध्यानात ठिवलं असंल. चांगलं हुतं म्हणून न्हवं, निदान हसण्यासाठी तरी. मागावर बसलं की रोज वाटायचं, त्या माणसाला कवातरी झोपताना आठवत असंल. तीस वर्षं तेवढ्यावर काढली मी.

गुरुजी : काय लिहिलंय त्यानं?

राही : घ्या. खालची शेवटची ओळ.

(गुरुजी वाचतात. चष्मा काढून पुसतात. पुन्हा वाचतात.)

गुरुजी : हे… असं का लिहिलं त्यानं?

राही : मीबी असंच लिव्हलं हुतं. शब्दाला शब्द. म्हणून तर मला चोरी वाटली. माझी आई हरणाबाई. तुमच्या वीरधवलची आई कोण?

गुरुजी : संयोगिता. माझी सून. पण आमच्या घरात कुणी रडत नाही. मुलगा लष्करात आहे, सुट्टीला येतो, पैसा आहे, ऊस आहे. काय कमी आहे तिला? मी तरी कधी आवाज ऐकला नाही.

राही : तेच तर लिव्हलंय त्यानं.

गुरुजी : राही, चांगल्या उत्तरांचं स्टेजवर वाचन असतं ना?

राही : पैल्या पाच उत्तरांचं.

गुरुजी : वाचू नकोस. हवं तर यादीतनं त्याचं नाव काढ. नक्कल लिही. मी सही करतो तुला, मीच पढवलं म्हणून.

राही : पोराला चोर ठरवता व्हय, घराची अब्रू झाकाय?

गुरुजी : मग काय करू?

राही : नाव न्हाई निघणार. चारशे पोरांत एकट्याचं उत्तर. पुरे मार्क सोमवारीच दिलेत, नक्कल लिव्हायचं तेवढं ऱ्हायलं हुतं, ते आता न्हाई. त्या एकाच ओळीवर पोरगं विसात बसलंय. दुर्मीळ म्हणत्यात त्याला आमच्या कागदात. घडतं घराघरात, फकस्त कुणी लिव्हत न्हाई.

गुरुजी : आणि वाचन?

राही : पैल्या रांगेत तुमास्नी बसवायचं आन माइकवरनं वाचायचं, असं हा पेपर हातात आल्यापास्नं ठरवलं हुतं मी. नवी साडीबी काढून ठिवलीय. पर ते ऐकून तुमी न्हाई मरणार. ती मरंल. आडावर आता बाया नसत्यात, पर हातात मोबाइल असत्यात. न्हाई वाचणार.

गुरुजी : उपकार झाले.

राही : तुमच्यावर न्हाईत. तुमी हितं वाचा. मोठ्यांदा. आमी दोघंच हाय.

गुरुजी : कशाला आता ते?

राही : त्या दिशी मागल्या बाकापतुर ऐकू गेलं हुतं. चांगला खणखणीत आवाज हाय तुमचा.

गुरुजी : ‘आईला रडताना तोंडात धरायला.’

राही : फुडं हाय.

गुरुजी : ‘म्हणजे आवाज बाहेर जात नाही.’

राही : आता किती मार्क द्याल?

गुरुजी : …पुरे.

राही : तेवीस ओळींतली ती एकच हुती. बाकीच्या बावीस काय हुत्या ते मलाबी आठवत न्हाई.

गुरुजी : येतो मी. अंधार पडायच्या आत पोचायला हवं.

राही : गुर्जी, दारातनं आत जाताना खाकरता न्हवं तुमी?

गुरुजी : खाकरतो की. आमच्याकडं सगळीच मोठी माणसं खाकरतात. आतल्या बायकांना कळतं, सावरून बसतात.

राही : आज खाकरू नगा.