पिवळा बिल्ला

माझी गाय तुमच्या आवारात कशी आली, ते आधी सांगता का, व्हॉस? — कुंपण मोडलं? मोडेलच. तुमचं कुंपण तुमच्यासारखंच, बोलतही नाही नि टिकतही नाही. आणि आणून उभी कुठं केलीत, तर सामाईक कुरणाच्या फाटकाशी, जिथं पाय ठेवायची तुम्हांला बंदी आहे. सोडा ती दोरी. — कानाकडे काय बघता? माशांच्या औषधाचा बिल्ला आहे. नेब्रास्कात त्याचा अचंबा कुणी करत नाही. हिरवा, यंदाचा. त्याच्यामागे — केसांत माती असते, व्हॉस.

बरं, पिवळा. गेल्या वर्षीचा. पहिला गारठा पडला की बिल्ले कापून काढायचे, नाहीतर विरलेल्या औषधाला माशा सरावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात मरेनाशा होतात — हे मला तुम्ही शिकवणार? कुरणाचा हा नियम हेल्मुट ब्रांटनं, मीच लिहिला. जुलैत एकेका पाठीवर पाचशे माशा, डोकी खाली करून रक्त पिणाऱ्या. गाई चरायचं सोडून शेपट्या झाडत उभ्या, वासरं वीस-वीस पौंडांनी हलकी — तेव्हा चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर ‘हे व्हॉसचं काम, यानंच जुने बिल्ले काढले नाहीत’ असं कोण म्हणालं? मी. चर्चच्या मंडळीचा वडील, कारभारी म्हणून म्हणालो. तुमचा कळप कुरणाबाहेर काढला, तोही मीच.

किती गाईंचे राहिले म्हणजे? एकीचाच. ही निसटली. चुकते एखादी. बाकीच्या एक्केचाळीस तर कोंडवाड्यातच होत्या, त्यांचे काढायला — असं बघू नका. गेल्या वर्षी गारठा पडला तो रविवार होता. सोमवारी बर्फ येणार, असं रेडिओ सांगत होता. पण प्रभूच्या दिवशी मी कात्री हातात धरत नाही. मग बर्फ आलं, गाई टेकड्यांत गेल्या, आणि मी — खड्ड्यात पडलेलं जनावर शब्बाथाच्या दिवशीही वर काढावं, हे वेदीशी उभा राहून मीच वाचतो. कात्री मंगळवारीही धरता आली असती. बुधवारीही. हे मला ठाऊक होतं, व्हॉस. जुलैत तुमच्याकडे बोट केलं, तेव्हाही ठाऊक होतं.

क्षमा? ती जिथं मागायची तिथं मागेन. तुमच्या दारात नव्हे. नियमात एका उन्हाळ्याची बंदी होती. तुमच्यासाठी तिचे तीन उन्हाळे मीच करवून घेतले. बंदीच्या कागदावरचं नाव तेवढं बदला. आता फाटक उघडा आणि बाजूला व्हा — माझा कळप बाहेर निघतोय. तीन उन्हाळे.