सहा वर्षांच्या पोरीची सात पावलं

हसू नका, पण परवा साठ वर्षांचा मी कब्रस्तानात लहान पोरीसारखा चाललो.

तुमसर रोडच्या आमच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात आज्याची कबर शोधाले गेलतो. आजा म्हणजे मायचा बाप, रेल्वेत गँगमन. कबरीवर लाकडाचा क्रूस होता, तो उधईनं कवाच खाल्ला. नाव नाही, दगड नाही. मरायच्या आधी मायनं एवढंच सांगितलं होतं, "कडुनिंबापासून फाटकाकडे सात पावलं."

मोजली. सातव्या पावलावर दुसऱ्याचीच पक्की कबर, संगमरवराची, नावासकट.

गवत कापणारा म्हातारा रखवालदार पाहून राहिला होता. म्हणे, "कोणाची पावलं मोजून राहिले, साहेब?"

"माझी. आणखी कोणाची?"

"पण सांगितलं कोणी?"

"मायनं. तिच्या बापाची कबर शोधून राहिलो."

"बापाले मातीत ठेवलं तवा माय केवढी होती?"

"सहा वर्षांची."

"मंग तुम्ही एवढ्या मोठ्या ढांगा कायले टाकता?"

मंग टाकली बारीक-बारीक पावलं. सातवं पडलं तिथं दोन कबरींच्या मधात नुसतं गवत, अन् जमीन जराशी खोल बसलेली. तिथंच मेणबत्ती लावली.

म्हातारा म्हणे, "आता पोरायले सांगून ठेवा."

लग्नच केलं नाही, तर पोरं कुठून आणू? भावंडंही नाहीत. म्हणून तुम्हाले सांगून राहिलो. चहा जरा बाजूले ठेवा. कडुनिंबापासून फाटकाकडे सात पावलं, सहा वर्षांच्या पोरीची. ध्यानात ठेवजा.