दादाची स्प्रिंग

हसू नका, आधी ऐका. सुरतजवळ कामरेजच्या पुढे गाड्यांची दिवसभराची शर्यत होती. कंपनीतून आल्या तशा गाड्या एका गटात, मॉडिफाय केलेल्या दुसऱ्या गटात. मी दादाची जुनी गाडी घेऊन गेलो. दादा जाऊन महिनाही झाला नव्हता.

तपासणीवाल्या काकांनी सीटखाली हात घातला. "आ शुं छे?"

"कापड विणायच्या लूमची स्प्रिंग. सीट मागे पडायची, म्हणून दादाने बसवली."

"ही कंपनीची नाही. काढ, नाहीतर मॉडिफायवाल्यांत पळ."

"पळतो," मी बोलून बसलो. माझा जोडीदार पिंट्या कपाळ धरून खालीच बसला.

मॉडिफायवाल्या गाड्या भिंगरीसारख्या सुटल्या, आम्ही रिक्षासारखे. पण दुपारनंतर त्यांच्या एकेक गाड्या उकळून कडेला लागल्या आणि आम्ही चक्क तिसरे आलो. लोक बॉनेट उघडून विचारायला लागले, "काय बसवलंय रे एवढं?" मी सीटखालची स्प्रिंग दाखवली. सगळे हसून लोळले, मीपण.

पिंट्या म्हणाला, "येड्या, ती काढली असती तर साध्या गटात पहिले आलो असतो."

"काढली असती तर दादा उतरला असता ना गाडीतून."