पेंढ्याखाली बघायचं नव्हतं

तिथूनच बघा. पेंढ्याला हात लावायचा नाही — कुणी पाठवलं तुम्हाला, शेजाऱ्यानं? नाही म्हणता, बरं. नुसतं विचारायला आलात म्हणता, तेही बरं. मग ऐका. एक होती सासू, एक होती तिची सून, आणि मधे एक मुलगा, ज्याला दोघींचंही मन मोडवत नव्हतं. सासू म्हणजे मीच, आणखी कोण असणार. दोन वर्षं बटाटा फसला — विहीर आटते, माती दगड होते, बटाटा सुपारीएवढा. मुलगा म्हणाला, आई, यंदा नाही आला तर जमीन शेजाऱ्याला कसायला देऊ, शहरात जाऊ. मी शहरात काय करू, तिसऱ्या मजल्यावर बसून भिंत बघू?

तर सून म्हणते, खणायचं नाही. बेणं मातीवर नुसतं ठेवायचं, वर वीतभर पेंढा, पालापाचोळा — ओल टिकते, पाणी निम्मं लागतं, तण येत नाही, कुजून त्याचंच खत होतं. मला वाटलं, हिलाच शहरात जायचंय. पीक मुद्दाम घालवणार आणि खापर विहिरीवर फोडणार. वाटणारच की — जी बाई बटाटा पुरत नाही, ती मनात काय काय पुरत असेल?

मग ती दुपारी आडवी झाली की मी जायचे. पेंढा उचलायचा, बघायचं, परत ठेवायचा. एकच ओळ हो, कडेची. बरं, दुसरीही, पण कमी. ऊन लागलं की बटाटा हिरवा पडतो, कडू होतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण चैन कुठं पडतंय.

काढणीला त्या दोन ओळी हिरव्या. मीच आधी म्हटलं, उंदरांनी उकरलं असेल. मुलगा पाटी आणायला गेला तशी सून हळूच म्हणते, "आई, उंदीर पेंढा परत ठेवताना काड्या एका रेघेत लावतात का हो?" जन्मभर पेंढ्याच्या गंजी रचल्या मी, हाताला सवय — सून पेंढा आपली नुसता भुरभुरते. म्हणजे सगळं माहीत होतं तिला, आणि नवऱ्याला अवाक्षर नाही. का, म्हणून मीही विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यांनी आधी तुम्हालाच शहरात नेऊन ठेवलं असतं. मग मी इथे भांडायचं कुणाशी?"

बाकीच्या दहा ओळी? कुदळ नाही, काही नाही — पेंढा सारला की मुठीएवढे, धुतल्यासारखे. मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी पार विहिरीपर्यंत लावू. राहिलो आम्ही इथेच, तिघंही.

उंदरांचं त्याला अजून — तो येतोय. निघा तुम्ही.