पाण्याचं अंग

बसू नका, मुकादम. उभ्यानंच बोला. काय म्हणता — बघायला आलो? काहून, आता काय बघायचं राहिलंय? तवा बघितलं की डोळे भरून! ह्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर समद्यांची हाडं निघाली, अन् आमच्या मालकाचंच पोट सुटलं, पाय भरले — तुमीच म्हणलाव ना चारचौघांत, "गुरुबसप्पा, दुष्काळ तुलाच मानवला बघ! बायको बालवाडीत सुकडी वाटती, लेकरांच्या तोंडची काढून तुला चारती!" हाव, तुमीच. अन् बाया खिदळल्या. थू! वर आणि, चरबी उतरवतो म्हणून मोठ्या दगडांवर लावलाव त्येनला. दम लागला तर तुमी म्हणायचे, खाऊन सुस्तावलाय.

खात कुठं होते हो! लाजेनं भाकर सोडली माणसानं. माझ्याफुडं घास मोडायचे, अन् मी आत गेले की बैलाला टाकायचे. गव्हाणीत तुकडे घावले तवा कळलं मला. विचारलं, तर म्हणतात, "शांते, खात न्हाई तरी फुगूनच राहिलोय. माझ्याच अंगाची किळस येती मला." आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हून भिंतीला टेकून बसून राहायचे. अन् तसेच सकाळी कामावर. न्हाई गेले तर तुमी म्हणणार, माजलाय.

मग पडलेच दगड घेऊन. कुणी उचलायला आलं? "जड हाय, जड हाय" म्हणत हसत हुबे राहिले समदे! मीच टरकात घालून लातूरला नेलं. जिल्हा झाला, आता दवाखाना जवळ आला म्हणतात — जवळ कसला, रस्ताभर त्येंचं डोकं मांडीवर धरून बसले. तिथल्या डॉक्टरानं नडगीवर बोट दाबलं, मुकादम. खड्डा पडला अन् तसाच राहिला — भिजल्या पिठात पडावा तसा. म्हणले, "बाई, हे मांस न्हाई, पाणी हाय. ह्यांचं काळीज थकलंय, रक्त ढकलंना, म्हून अंगात पाणी साचलंय. आतून हा माणूस उपाशी हाय." ऐकलाव? उपाशी! मीठ बंद केलं, गोळ्या दिल्या, पाणी उतरलं — अन् खाली काय निघालं? तुराटीवर कातडं. आता तुमचेच लोक दारात येऊन च्च च्च करतात, लई वाळला म्हणून. आता दया येती! शिसारी येती मला तुमच्या तोंडांची. सुकडीचा कणबी घरात आला असंल तर माझी जीभ झडंल.

काय? बरे झाले की हजरीवर घेतो? हलकं काम देतो? आरं, कुणी सांगितलं तुमाला बरे होणार म्हून? डॉक्टरानं मला बाजूला घेऊन — हळू बोला — म्हणले, फुडचा पावसाळा ह्येनला... न्हाई, त्येनला ठावं न्हाई. ते तर खोरं धुऊन ठिवा म्हणून राहिलेत. — अन् मी हे तुमाला काहून सांगितलं? दुसरं माणूस न्हाई का मिळालं मला! खबरदार, कुठं बोललाव तर.

ओ! काय म्हणता? — कोण न्हाई हो, कोण न्हाई आलं! निजा तुमी.

निघा.