झाकणाची स्प्रिंग

वकीलबाई : पण काका, झाकण काढलं की हा मिक्सर लगेच थांबतोय!

कारागीर : थांबणारच. मी दुरुस्त केलाय.

वकीलबाई : कधी?

कारागीर : हिला टाके घालून घरी आणलं, त्याच संध्याकाळी.

बायको : झाकण काढलं तरी पातं फिरतच राहिलं, माझी दोन बोटं गेली आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले.

कारागीर : अगं, दुसऱ्या दिवशी सून त्यात हात घालणारच होती. आणि चाळीस वर्षं मिक्सरच दुरुस्त करतोय मी. बिघडलेला समोर दिसला की हात शिवशिवतात.

वकीलबाई : भरपाई हवी तर दोष कारखान्यातूनच आला हे दाखवावं लागेल. कंपनीचा माणूस बटण दाबेल आणि म्हणेल, उत्तम चालतोय की!

कारागीर : मग परत बिघडवून देतो. पाच मिनिटांचं काम.

वकीलबाई : म्हणजे आयतंच कोलीत त्यांच्या हातात! बदललंत काय?

कारागीर : झाकणाखालची स्प्रिंग. नव्या मिक्सरला असली मेलेली स्प्रिंग? लाज वाटायला हवी त्यांना.

वकीलबाई : ती मिळाली तर केसमध्ये जीव आहे.

कारागीर : आहे ना! मी काही टाकत नाही.

(तो पिशवीतला डबा टेबलावर उपडा करतो. शंभरेक जुन्या स्प्रिंगा.)

वकीलबाई : अरे देवा. यातली कुठली?

कारागीर : यातलीच एक.

बायको : अहो, उचला एखादी! कोण ओळखतंय?

कारागीर : आणि शपथेवर सांगू, हीच ती म्हणून?

बायको : सांगा. सहा महिने झाले, काजाचं एक काम मिळालं नाही मला. सुई धरता येत नाही.

कारागीर : गिऱ्हाइकाच्या गळ्यात जुना पार्ट कधी मारला नाही. आज तुझ्यासाठी... ताई, ही घ्या.

वकीलबाई : खात्री आहे?

कारागीर : नाही.

बायको : झालं!

कारागीर : चुकलो गं. त्या संध्याकाळी नुसतं तुझ्यापाशी बसायला हवं होतं.

वकीलबाई : बिल आहे, दवाखान्याचे कागद आहेत. अर्ज करते मी. पण फार आशा धरू नका.

बायको : बरं. भरा तो डबा, निघू या.

कारागीर : मिक्सर भंगारात देऊन टाकतो.

बायको : कशाला? चांगला चालतोय. झाकण तेवढं रोज तुम्ही लावा. माझ्या हातानं फिरत नाही आता.