नखाएवढा तुकडा

ताट मी पुढे सरकवलं, हे मी नाकारतच नाही. त्या रविवारी चर्चच्या सभेत प्रभूच्या स्मरणार्थ फिरवतात ते पावाचं ताट माझ्या रांगेत आलं, मी तुकडा उचलला नाही आणि ताट शेजारच्या व्हर्लीनच्या हातात दिलं. माझा सहभाग एवढाच, आणि तुकडा तरी केवढा, तर नखाएवढा, तुम्हाला सांगते, नखाएवढा! कारण विचाराल, तर आदल्या दिवशी दंतवैद्याने माझी दाढ उपटली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता… पण कारण विचारतंय कोण? आमच्यात पाव न घेणारा माणूस मोठं पाप करून बसलेला असतो आणि बिशपपुढे कबुली देईपर्यंत तो पावाला शिवत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. मी एकाहत्तर वर्षांची विधवा, निवृत्त शिक्षिका. या वयात मोठं पाप करायचं मी मनात आणलं, तरी आमच्या गावात त्याची सोय आहे का?

आणि पणाला काय लागलं, तर माझा रविवारचा वर्ग! आमच्या मंडळींच्या सोळा वर्षांच्या मुलांना मी धर्मग्रंथ शिकवते. निवृत्तीनंतर माझ्या हातात उरलेला तेवढा एकच खडू.

सायंकाळपासून दारात पाव येऊ लागले. घरी भाजलेले, ऊन ऊन, सोबत लोणी. निंदा करायची असली तरी आमची मंडळी रिकाम्या हाताने येत नाहीत, एवढं मानलंच पाहिजे. जो येतो तो पाव देतो, माझा हात दाबतो, काहीही झालं असलं तरी आमचं तुमच्यावर प्रेम आहे असं म्हणतो आणि माझ्या खांद्यावरून घरात डोकावतो. इकडे मला नखाएवढा तुकडा चावता येत नाही, आणि ओट्यावर पावांची चळत!

व्हर्लीनने तर गावभर सांगितलं की अर्व्हिलाने, म्हणजे मी, पाव सोडला पण त्यामागून फिरणारं पेल्यातलं पाणी घेतलं, तेव्हा पाप अर्धंच असावं. आता अर्धं पाप कोणतं, यावर आठवडाभर खल झाला आणि सगळ्यांची बोटं ब्रदर लमार यांच्याकडे वळली (आमच्यात सगळेच एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर), कारण त्यांची गाडी माझ्या अंगणात दुपारभर उभी होती. असणारच ना? माझा पाणी तापवायचा बंब गळत होता, ते नळकाम करतात, आणि ऐंशी ओलांडलेला तो गृहस्थ एकदा खाली वाकला की त्याला उभं करण्यातच निम्मी दुपार जाते!

मी खुलासा केला नाही, असं समजू नका. दिव्याखाली तोंड उघडून मी व्हर्लीनला दाढेची रिकामी जागा दाखवली. तिने नीट निरखून पाहिली आणि हळुवारपणे म्हणाली, "अगं अर्व्हिला, मला कशाला पुरावे देतेस गं? मी का परकी आहे?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंड आधीच दुखतंय.

मग बिशपनी बोलावलं. आमचा बिशप ट्रेंट. आठवडाभर शेतीचे पाइप विकतो, रविवारी आमच्या आत्म्यांची काळजी वाहतो, आणि पाचवीत माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर झोपायचा.

"बाई, दाढेचं मला पटतं," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. "पण मुलांचे आईवडील विचारतात हो. तुम्ही थोडी विश्रांती घ्या."

"तुला पटतं, तर त्यांना तसं सांग."

"मी सांगितलं, तर मी झाकतोय असं वाटेल त्यांना."

नखाएवढा तुकडा, तुम्हाला सांगते…

पुढच्या रविवारी ट्रेंटने व्यासपीठावरून जाहीर केलं की सिस्टर अर्व्हिला यांना वर्गाच्या जबाबदारीतून कृतज्ञतापूर्वक मुक्त करण्यात येत असून यापुढे वर्ग सिस्टर व्हर्लीन घेतील. संमती असणाऱ्यांनी उजवा हात वर करावा. आमच्यात हे वाक्य ऐकलं की कोणी विचार करत बसत नाही, हात आपोआप वर जातो, जन्माची सवय. व्हर्लीनचा गेला. ब्रदर लमार यांचा तर दुखऱ्या खांद्यासकट गेला. निदान एखादा तरी खाली राहिला असेल, म्हणून मी मान वळवून सभागृहभर पाहिलं. एकही नव्हता. माझासुद्धा वरच होता.